मालकिणीला विचारलं का?

आईच्या वाढदिवसाचं जेवण रविवारी दुपारी करायचं असं ग्वांग-इलने ठरवलं, तेव्हाच इन-सुकच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चांद्र तिथीने वाढदिवस येत होता गुरुवारी. आणि तिथीच्या बाबतीत प्यो घराण्याच्या या थोरल्या मुलाइतका कडक माणूस अख्ख्या योंगदो बेटावर सापडला नसता. वडिलांच्या श्राद्धाला एकदा धाकटा ग्वांग-हो दुसऱ्या दिवशी उगवला, तर दादा त्याच्याशी वर्षभर बोलला नव्हता. तोच दादा आता फोनवर सांगत होता की तिथीचं काय घेऊन बसलीस, मन महत्त्वाचं. शिवाय रविवारी सगळ्यांना सुट्टी असते. शिवाय, आणि हे त्याने फोन ठेवता ठेवता सांगितलं, तीनच्या सुमाराला ते नोह नवरा-बायको आईचं घर पुन्हा एकदा बघायला येणार आहेत, तेव्हा तू कराराचे कागद बरोबरच घेऊन ये.

वाढदिवसाच्या दिवशीच सही कशाला, असं इन-सुकने विचारून पाहिलं. त्यावर दादा म्हणाला की मुलं हौशी आहेत, विसार द्यायला तयार आहेत. गिऱ्हाईक थंड होऊ देऊ नये असं तूच सांगतेस ना सगळ्यांना?

सांगत होती, हे खरं. पण इन-सुक त्याखेरीज इतकं काही सांगत असे की त्यापायी तिचा धंदा व्हावा तेवढा झाला नव्हता. पुलाकडून येणारी बस जिथे चढाला लागते त्या कोपऱ्यावर तिचं घरांच्या दलालीचं दुकान होतं. भिंतीवर परवान्याची चौकट, तिच्यातल्या फोटोत तिचे केस काळे. घर बघायला येणाऱ्याला ती आधी घरातलं वाईट दाखवायची. कुठली भिंत जुलैत घाम सोडते, वादळाचं पाणी कुठल्या दाराखालून आत येतं, हिवाळ्यात ऊन किती वाजता पाठ फिरवतं, वरच्या मजल्यावरचे म्हातारबुवा पहाटे उठून काय काय सरकवतात. इकडे कायद्याने दलाल एकाच वेळी दोन्ही बाजूंचा असतो. विकणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. बहुतेक दलाल याचा अर्थ असा घेत की दोघांकडून दलाली घ्यायची. इन-सुक असा घ्यायची की दोघांची बोलणी खायची.

आणि मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय ती कागदाला हात लावत नसे. याबद्दल बाजारात एक गोष्ट सांगितली जायची. एक भाचा आपल्या मावशीचं घर विकायला आला होता. मुखत्यारपत्र होतं, सहीच्या जागी उठवायचा मावशीचा शिक्का होता, सगळं जिथल्या तिथे. इन-सुक बस पकडून पुलापलीकडच्या इस्पितळात गेली आणि मावशीच्या खाटेशी बसून तिने विचारलं, घर विकायचंय का हो तुम्हाला? मावशीला वाटलं होतं ही बाई रक्तदाब बघायला आली. व्यवहार तिथेच संपला. भाच्याने दुकानाची पाटी फोडली, पण तेव्हापासून बाजारातल्या बायका एकमेकींना सांगू लागल्या की घर विकायचं तर इन-सुककडे जा, ती मालकिणीला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

तर त्याच इन-सुकच्या टेबलावर वसंतात दादाने आईचं मुखत्यारपत्र आणून ठेवलं होतं. वडील गेल्यापासून आईचा शिक्का त्याच्याकडेच असे, हरवू नये म्हणून. "आईला सगळं सांगितलंय," तो म्हणाला होता. "ती तयार आहे. तिच्यापुढे विषय काढू नकोस, तिला उगाच भरून येतं." आणि इन-सुकने मान डोलावली होती. आईचं घर तिच्या दुकानाच्या दारातून दिसायचं. चढ चढून जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विचारून झालं असतं. पण न विचारण्याची अशी सोय कुणी आपणहून पुढे केली की ती नाकारायला फार मोठं मन लागतं, आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत तेवढं मोठं मन इन-सुककडे नव्हतं.

रविवारी ती पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात स्वतःच्याच वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप ढवळत होती. चमचा हातातून घ्यायला जोंग-रान वहिनी पुढे झाली होती, पण आईने तिला बाजूला सारलं होतं. वहिनी आज फारच गोड होती. आल्या आल्या तिने इन-सुकच्या कोटाचं कौतुक केलं. तो कोट तिने गेली सहा वर्षं पाहिला होता.

घर लहानसंच, उतारावर टेकून बसल्यासारखं. खाली रस्त्यापासून पायऱ्या चढून यायचं, मग पुढच्या खोलीच्या खिडकीतून एकदम सगळी गोदी, दुरुस्तीला ओढून ठेवलेली जहाजं आणि पलीकडे पाणी. याच गोदीत आईने आयुष्य घालवलं होतं. जहाजाच्या बाजूला फळी लटकवायची, तिच्यावर बसायचं आणि हातोडीने गंज ठोकून काढायचा. बेटावरच्या कितीतरी बायकांनी तेच केलं. त्या ठोकाठोकीत आईचे कान गेले आणि त्यातूनच हे घर उभं राहिलं. घर आईच्या नावावर होतं, तेही वडिलांच्या प्रेमापोटी नव्हे. वडिलांच्या बोटीचं जे व्हायचं ते झाल्यावर त्यांच्या नावावर काहीही तरंगत नाही हे खुद्द वडिलांनीही मान्य केलं होतं.

आज रविवार, गोदी बंद. समुद्रपक्ष्यांखेरीज आवाज नव्हता. खिडकी सताड उघडी होती आणि ती दादाने उघडली होती.

जेवायला बसल्यावर आईने वाकट्यांचं लालभडक कालवण मधोमध ठेवलं आणि एका तुकड्यातले काटे काढून मासा ग्वांग-होच्या भातावर घातला. ग्वांग-हो एकोणपन्नास वर्षांचा होता. गेल्या वर्षी बायको सोडून गेल्यापासून तो खालच्या खोलीत राहायचा आणि स्कूटर दुरुस्तीचा धंदा उद्यापासून सुरू करायचा. वसंतात घर विकायचा विषय निघाला तेव्हा सगळ्यात जास्त विरोध त्याचा होता. आई या घरातून उठली तर जगणार नाही, असं म्हणताना त्याचे डोळे भरले होते. मधल्या काळात दादाने त्याला बंदराजवळ भाड्याने खोली घेऊन द्यायचं कबूल केलं आणि आईच्या जगण्याबद्दल त्याचं मत बदललं. वहिनीला हवं होतं ते तिच्या मुलासाठी. त्याचं लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांनी फ्लॅट कुठे घेणार असं विचारलं होतं, आणि लग्नाआधी तो घेणं भाग होतं. कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. सगळ्यांनाच फक्त घर विकलं जायला हवं होतं.

दादाने पेला उचलून आईला दीर्घायुष्य चिंतलं आणि मग मोठ्या आवाजात, तिला ऐकू जाईल असं, सांगितलं, "आई, पावसाळ्याआधी छताचं काम काढायचंय! तोवर तू आमच्याकडे राहायला ये!"

आईने मान हलवली आणि दुसऱ्या तुकड्यातले काटे काढायला घेतले.

या घरात बोलण्याच्या दोन पट्ट्या होत्या. आईशी बोलायची वरची आणि आईसमोर बोलायची खालची. वर्षानुवर्षं सगळे तसंच बोलत आले होते. वडिलांच्या बोटीचं प्रकरण याच टेबलावर खालच्या पट्टीत शिजलं होतं आणि ग्वांग-होचा घटस्फोटही. दादाने सवयीने पट्टी बदलली आणि भाताकडे बघत इन-सुकला सांगितलं, "पंधरा दिवस आमच्याकडे. मग किम्हेचा वृद्धाश्रम. जागा सांगून ठेवलीय."

इन-सुकने चमचा खाली ठेवला. "तिला सांगितलंय म्हणालास."

"सांगितलंच की आत्ता. तुझ्यासमोर."

"छताचं सांगितलंस."

"तिला पेलेल तेवढं सांगितलं. सगळं एकदम सांगून तिचा वाढदिवस खराब करायचाय का तुला?"

वहिनीने हळूच पुस्ती जोडली की वृद्धाश्रम फार छान आहे, बाग आहे, आणि आईंना तसाही आवाजाचा त्रास होणार नाही. ग्वांग-होने मासा खाल्ला.

इन-सुक हात धुवायच्या निमित्ताने उठली आणि मागच्या गच्चीवर आली. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आईच्या किमचीचे रांजण ओळीने मांडलेले होते. दादा मागोमाग आलाच. बहिणीचा चेहरा वाचायला त्याला कधी अडचण आली नव्हती. अडचण यायची ती वाचल्यावर गप्प बसण्याची. त्याने आधी समजुतीने घेतलं. सगळ्यांचं भलं आहे यात. आईचे गुडघे गेलेत, एक दिवस पायऱ्यांवरून पडली तर जबाबदार कोण? इन-सुक म्हणाली की हे सगळं खरं आहे, हेच तिला सांगू या. त्यावर दादा म्हणाला की तू सांगून बघ, ती रडेल, दाराची चौकट धरून बसेल, आणि पोराचं लग्न मोडेल. मग त्याने मूळ मुद्दा काढला.

"आणि ते गोदीच्या आवाजाचं. त्यांनी विचारलं तर सांग, नाहीतर राहू दे."

आता इन-सुकच्या लक्षात आलं. नोह नवरा-बायको याआधी दोनदा घर बघून गेले होते, दोन्ही वेळा दादाबरोबर आणि दोन्ही वेळा रविवारी. इन-सुकला तेव्हा दुसरीकडे कामं होती. म्हणजे, तिने ती काढली होती.

"त्यांनी विचारायच्या आधी सांगायचं, यालाच तर दलाल म्हणतात, दादा. त्याचेच पैसे मिळतात."

"घरच्या कामाचे तुला पैसे मिळणार नाहीयेत."

हे मात्र बिनतोड होतं. आणि दादाला स्वतःला ते अजिबात विनोदी वाटलं नाही. तो म्हणाला, "एक सांग मला. आज तू इथे बहीण म्हणून आलीस की दलाल म्हणून?"

इन-सुकने रांजणाच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली. "दोन्हींपैकी एकसुद्धा नीट झाले नाही अजून," ती म्हणाली.

नोह मंडळी वेळेवर आली. नवरा घरून नकाशे काढायचं काम करायचा, उंच आणि लाजाळू. जोडे काढताना त्याचं डोकं चौकटीला लागलं. बायको हान बो-रा इस्पितळात नर्स होती. तिने आईसाठी नासपतींचा डबा आणला होता, कारण वाढदिवस असल्याचं दादाने फोनवर सांगितलं होतं. ते सांगितल्याने घर आणखी घरासारखं वाटेल हे त्याला बरोबर कळलं होतं. वहिनीने गाद्या सरकवल्या. आई नासपती सोलायला बसली. दोघं खिडकीशी गेली आणि बराच वेळ नुसती उभी राहिली.

"किती शांत आहे ना," बो-रा म्हणाली. "आमच्या आत्ताच्या खोलीखाली कराओके आहे."

शांतच आहे, वहिनी म्हणाली. दादाने सांगितलं की आमच्या वडिलांना हा देखावा फार आवडायचा. वडील आयुष्यभर त्या खिडकीकडे पाठ करून बसत, समुद्राने त्यांची बोट खाल्ली होती म्हणून. ग्वांग-होने सांगितलं की त्याला इथे झोप फार चांगली लागते, आणि एवढं एक वाक्य त्या दुपारी निखालस खरं होतं.

झोपेचं नाव निघताच बो-राचा चेहरा खुलला. तिची रात्रपाळी असायची. सकाळी घरी येऊन झोपायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि धड झोप अशी तिला आठवत नव्हती. बाळाचा विचारही त्यामुळेच पुढे ढकलत आलोय, असं ती सहज बोलून गेली आणि मग आपण अनोळखी माणसांत आहोत हे आठवून लाजली. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. घरावर पैसे किती घालायचे हे त्या बघण्यातच ठरून गेलं होतं.

दादाने इन-सुककडे पाहिलं आणि हनुवटीने तिच्या पिशवीकडे खूण केली. पिशवीत करार होता. इन-सुकने पिशवी उघडली, पेन काढलं, चष्मा लावला. हे सगळं करताना तिला वाटत होतं की आपण गप्प राहिलो तर काय होईल? काहीच होणार नाही. उद्या सोमवार. सकाळी आठला पहिली हातोडी पडेल. तोवर विसार दिलेला असेल. आणि ही मुलगी रात्रपाळीवरून कधीतरी त्या पायऱ्या चढून येईल, खिडकी लावेल, पडदा ओढेल आणि उशी कानावर घेईल.

"नोहसाहेब, बो-राबाई," इन-सुक म्हणाली, "सही करायच्या आधी हे ऐका. सोमवार ते शनिवार, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, खाली गोदीत जहाजांचा गंज ठोकतात. आज सुट्टी आहे म्हणून शांत आहे. खिडकी लावली तरी आवाज येतो. दिवसा इथे झोप लागणार नाही."

वहिनीच्या हातातल्या बशीवरून नासपतीची फोड घसरली. दादाने हसण्याचा प्रयत्न केला; म्हणाला, तसा काही विशेष नाही हो, सवय होते, आम्ही इथेच वाढलो. इन-सुकने खालच्या पट्टीत त्याला म्हटलं, "दादा, पुरे."

तेव्हा नजर पुन्हा नासपतीकडे वळवत आई म्हणाली, "खिडकी लावली तर जास्तच येतो. काच थरथरते."

सगळे आईकडे वळले. कुणीच मोठ्याने बोललं नव्हतं.

"आई, तुला ऐकू आलं?" ग्वांग-होने विचारलं. घाईत तोही खालच्या पट्टीतच बोलला.

"ऐकू कुठलं येतंय. तोंडं दिसतात." आईने सुरी पुसली. "फळीवर बसून आम्ही काय ओरडून बोलायचो? शेजारणीचा सगळा संसार तिच्या ओठांवरून कळायचा. आणि तुम्ही पोरं माझ्यासमोर हळू बोलता तेव्हा तोंड चांगलं मोठं उघडून, सावकाश बोलता. मोठ्याने बोलला असतात तर मी कदाचित लक्षही दिलं नसतं."

इन-सुकला एकदम गेल्या तीस वर्षांतली जेवणं आठवू लागली. बाकीच्यांनाही तीच आठवत असावीत, कारण वहिनीचा हात हळूहळू तोंडावर गेला. या टेबलावर तिने आईंच्या स्वयंपाकाबद्दल, त्यांच्या जुन्या कपड्यांबद्दल आणि त्या आणखी किती वर्षं काढतील याबद्दल वेळोवेळी मतं मांडली होती. दादाचा चेहरा मात्र कोरा झाला होता. आईने त्याला फार वेळ तसं ठेवलं नाही. किम्हेच्या आश्रमात बाग आहे म्हणे, ती म्हणाली, पण मला फुलांचं कधी काही वाटलं नाही. छताचं काम तर दोन वर्षांपूर्वीच झालंय, मीच माणूस लावून करून घेतलं, तुम्हाला सांगायचं राहिलं. ग्वांग-हो, तुझी बंदराजवळची खोली मी बघून आले. खालच्या मजल्यावर मासे सुकवतात, दलालबाईंना विचारून घे.

नोह नवरा-बायको उठायच्या बेतात होती. अशा वेळी उठावं की बसावं हे त्यांना कळेना. इन-सुकने त्यांना हाताने थांबवलं. का थांबवलं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. बहुधा साक्षीला कुणीतरी परकं हवं होतं. ती टेबलाला वळसा घालून आईसमोर जाऊन बसली, तोंड दिसेल अशी.

"आई, हे घर तुझ्या नावावर आहे. तुला ते विकायचंय का?"

आई तिच्याकडे बघत राहिली. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे.

"त्या भाच्याच्या मावशीला विचारायला बसने गेलीस," ती म्हणाली. "मासळीवाल्या बाईने सांगितलं मला. मी म्हटलं, माझी मुलगी आहे ती. त्या दिवशी तिने मला एक बांगडा वर घातला." तिने सुरी बाजूला ठेवली. "मी वाट बघत होते. म्हटलं, आपल्या बाबतीतही विचारायला येईल. वसंत गेला. तुझं दुकान दिसतं इथून. दिवा कधी लावतेस, कधी घालवतेस, सगळं दिसतं."

इन-सुक रडली असती तर आईने ते बाजूला सारलं असतं, म्हणून ती रडली नाही. "चुकलं," एवढंच म्हणाली, आवाज न करता, नुसत्या ओठांनी.

"हं," आई म्हणाली. "तर विकायचंय."

दादाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आईने पुन्हा सांगितलं. घर विकायचंय, आणि आज नाही, गेली दहा वर्षं विकायचंय. या पायऱ्यांनी तिचे गुडघे खाल्ले. हिवाळ्यात बाजारातून मुळे आणायचे तर मधे तीनदा बसावं लागतं. तिच्याबरोबर फळीवर बसणारी साम-वोल बाजारामागच्या इमारतीत राहायला गेली, तिथे लिफ्ट आहे, आणि दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींची तोंडं वाचता येतात. आणखी कुणाशी बोलायचं असतं या वयात? तिला त्याच इमारतीत एक खोली-स्वयंपाकघर हवं होतं.

"मग बोलली का नाहीस?" दादाचा आवाज चढला.

"तुम्हालाच वाटत होतं की मी चौकट धरून रडेन. म्हटलं, बघू तरी किती लपवतात."

वहिनीने हलकेच विचारलं की मग मुलाच्या लग्नाचं कसं करायचं. आई म्हणाली, "लग्नाला मी येईन ना." आणि दादासमोर तळहात पसरला. "शिक्का दे."

दादा हलला नाही. साठीला आलेला माणूस, भरल्या घरात, परक्यांसमोर. त्याने इन-सुककडे पाहिलं, जणू हा शिक्का तिने मागितला होता. मग वहिनीकडे. वहिनी खिडकीबाहेर बघत होती. शेवटी त्याने कोटाच्या आतल्या खिशातून ती छोटी कातडी पिशवी काढली आणि आईच्या हातावर ठेवली. आज सही व्हायची म्हणून तो बरोबर घेऊन आला होता.

बो-रा आईच्या शेजारी येऊन बसली. आजी, घर फार सुंदर आहे, असं तिने सावकाश, तोंड नीट उघडून सांगितलं. आम्हाला घेता येणार नाही. आईने तिच्या हातावर थापटलं आणि सांगितलं की दिवसा झोपायला डोंगराच्या मागच्या बाजूला बघ, तिथून गोदी ऐकू येत नाही, ही माझी मुलगी दाखवेल. उरलेल्या नासपती तिने डब्यात भरून परत दिल्या. दारात नोहने इन-सुकला इतकं वाकून नमस्कार केला की त्याचं डोकं दुसऱ्यांदा चौकटीला लागलं.

दादा आईचा निरोप न घेता निघून गेला. तू माझ्या मुलाचं घर मोडलंस, असं तो पायऱ्यांवरून बहिणीला म्हणाला आणि पुढे पावसाळा संपेपर्यंत काही म्हणाला नाही. वहिनी मागे रेंगाळली. जोडे घालता घालता तिने इन-सुकचा दंड धरला. माझ्या आईचं घर भावाने असंच विकलं होतं, ती म्हणाली. आईला शेवटपर्यंत वाटत होतं की रंगकाम चाललंय. एवढं बोलून ती नवऱ्यामागे घाईने उतरली आणि खाली गाडीत बसल्यावर, काचेतून दिसत होतं, त्याचीच बाजू घेऊन बोलू लागली. ग्वांग-होने आईला विचारलं की नव्या जागेत जास्तीची खोली आहे का. आईला नेमकं तेवढंच कळलं नाही.

दोघीच उरल्यावर इन-सुक भांडी गोळा करू लागली.

"गिऱ्हाईक घालवलंस," आई म्हणाली.

"हो."

"बरं केलंस. आता दुसरं आण. आणि आवाजाचं त्याला फळं कापायच्या आधी सांग."

दुसरं गिऱ्हाईक सोपं नव्हतं. इन-सुक प्रत्येकाला कामाच्या दिवशी, भर सकाळी घेऊन यायची, खिडकीशी उभं करायची आणि काही न बोलता थांबायची. लोक कानावर हात ठेवून पायऱ्या उतरायचे. आई तिला धारेवर धरायची. मालकीण म्हणून दर आठवड्याला दुकानात येऊन बसायची आणि काम कुठवर आलं याचा जाब विचारायची. मुलगी म्हणून इन-सुकने इतकी बोलणी कधी खाल्ली नव्हती, आणि आई तिच्या दुकानात इतक्या वेळा कधी आलीही नव्हती. पानं पिवळी होऊ लागली तेव्हा गोदीतला एक क्रेनवाला आला. त्याने खिडकीतून वाकून खाली पाहिलं, ओरडून विचारलं की हे आमचंच जहाज ना, आणि किंमत काय म्हणून विचारलं. घरापासून कामापर्यंत चालत जाता येईल असं घर तो बायकोला वीस वर्षं कबूल करत आला होता.

कराराच्या दिवशी दादा आला. कुणी बोलावलं नव्हतं. दुकानात मागच्या खुर्चीत तो कोट न काढता बसला. लग्न मुलीच्या वडिलांनी जागेची सोय करून पार पाडायचं ठरलं होतं, म्हणजे तसं काहीच बिघडलं नव्हतं, आणि दादाला तेच सहन होत नव्हतं. आईने तिचा चांगला जांभळा कोट घातला होता. क्रेनवाल्याने सगळं ऐकून घेतलं, वादळात पाणी कुठून येतं तेही, आणि सही केली.

मग इन-सुकने कागद आईकडे वळवला आणि त्यावरचं तिचं माहेरचं नाव वाचलं. परक्या मालकांशी बोलायची तीच अदब तिने धरली, कारण दुसरं कसं बोलावं हे तिला सुचेना.

"चा बुन-सुन बाई, हे घर आपण आपल्या मर्जीने विकताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

आई नुसती बघत राहिली. तिला कळलं नसावं असं वाटून इन-सुकने तोंड मोठं उघडून, सावकाश, तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"पहिल्यांदाच कळलं होतं," आई म्हणाली, आणि खुर्चीत जरा ताठ झाली. "पुन्हा विचार."